शिंगलची मागची बाजू

वालबुर्गमध्ये कुणाच्याही घरचा फ्रीझर उघडा, हरणाचे सॉसेज आणि गोठवलेली मक्याची कणसं यांच्या मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली एक तरी गार सापडणारच. गावाची हौसच आहे ती. वादळ सरलं की अंगणात धावायचं, मोठ्यात मोठी गार उचलून फ्रीझरात टाकायची, आणि पाहुणे आले की जेवणं झाल्यावर बाहेर काढून म्हणायचं, "आता आटली हो, पडली तेव्हा हिच्या दीडपट होती!" कॅन्ससच्या त्या सपाट मुलखात डोंगर नाही, समुद्र नाही. दाखवायला माणसापाशी काहीतरी हवं की नको?

ड्रायलिंगांकडची गार बेसबॉलएवढी होती. जूनमध्ये ती पडली तेव्हा तिच्या बहिणींनी घराच्या छपराची पार दैना केली, आणि ही बया मात्र अंगणातल्या झेंडूच्या वाफ्यात अलगद उतरली, टवकासुद्धा न उडता. टेसाने तिच्यावरून रबराचा साचा केला.

टेसा ड्रायलिंग सोळा वर्षांची. वर्षापूर्वीपर्यंत हजेरीला "हजर" म्हणतानाही जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे, त्या मुलीने मार्चमधल्या विज्ञान प्रदर्शनात चक्क गारांची तोफ आणून उभी केली. प्लास्टिकचा जाड पाइप, बाबांचा हवेचा कॉम्प्रेसर आणि साच्यात गोठवलेले बर्फाचे गोळे, बस. खटका दाबला की गोळा सुटायचा आणि समोरच्या शिंगलवर असा आदळायचा, की एक परीक्षक खुर्चीसकट मागे सरकले. शिंगल म्हणजे छपरावर माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक ठोकतात त्या डांबराच्या पट्ट्या, वर बारीक खडी चिकटवलेल्या. कुठली शिंगल किती मार खाते, याचा टेसाने छडाच लावला. पहिलं बक्षीस! पेपरात फोटो! आणि मग जूनमध्ये खऱ्या गारा आल्या, अख्ख्या गावाची छपरं फोडून गेल्या, तेव्हा तर काय, रविवारी प्रार्थना संपली की चर्चच्या पायऱ्यांवर मोठमोठे बाप्ये टोपी हातात धरून तिला विचारायला लागले, "काय गं पोरी, आमच्या छपराला काय घालू?" टेसा हनुवटी वर करून उत्तर द्यायची. तिची मान त्या उन्हाळ्यात दोन बोटं लांब झाली असेल.

घरात तिचा एक परीक्षक होता, तो मात्र खुर्चीसकट मागे सरकणाऱ्यातला नव्हता. त्याला सरकताच येत नव्हतं.

ब्रॉक, तिचा थोरला भाऊ, पुढच्या खोलीत कठडे लावलेल्या इस्पितळी खाटेवर असायचा. मानेखाली त्याचं काही हलत नव्हतं, काही जाणवत नव्हतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात शाळा संपवून तो छपरवाल्यांच्या एका टोळीत लागला होता. वादळामागोमाग गावोगाव हिंडतात त्यांतलीच एक. जुनं छप्पर दातेरी फावड्यांनी खरवडून काढत असताना सुट्या खडीवरून त्याचा पाय सरला. खाली पडल्यावर तो डोळे उघडे ठेवून तसाच पडून राहिला, आणि वरच्यांना बराच वेळ पत्ताच नव्हता. ते खरवडत राहिले होते. खर्रर, खर्रर. हे त्याने टेसाला एकदाच सांगितलं, आणि सांगताना भिंतीकडे बघत होता.

आणि आता अख्खं गाव खरवडत होतं. सकाळी ऊन चढायच्या आत सुरू व्हायचं, कधी डावीकडच्या घरावर, कधी चर्चमागच्या गल्लीत. पहिला खर्रर आला की आई, कोलीन, असेल तिथून धावायची. हात पिठाचे असोत की साबणाचे, धडाधड खिडक्या लावायची आणि टीव्हीचा आवाज इतका मोठा करायची, की हवामान सांगणारा माणूस घरात येऊन ओरडतोय असं वाटावं. तरी ब्रॉकच्या कपाळावर घाम यायचा. पाय आपोआप झटके द्यायला लागायचे, त्याला न विचारता. आई पाय धरून बसायची.

अशा घराला नवीन छप्पर निवडायचं होतं.

ऑगस्टमध्ये टेक्सासचा एक विक्रेता नमुन्यांची पेटी घेऊन आला. दात असे पांढरे, की दिवा लावायला नको. पुढच्या खोलीत शिरला आणि खाटेकडे बघून दारातच अडखळला.

"या, या," ब्रॉक म्हणाला. "घाबरू नका, मी चावत नाही. म्हणजे चावतो, पण त्याला तुम्ही जवळ यावं लागेल."

"ब्रॉक!" आई म्हणाली.

विक्रेता हसला, घाम पुसला, आणि पेटी उघडून एकदम रंगात आला. "ही साधी शिंगल, ताई. हिचं नावही काढू नका. ही बघा, हिच्या डांबरात रबर मिसळलंय. चौथ्या दर्जाची! याच्या वर दर्जाच नाही. वीस फुटांवरून पोलादी गोळा टाकतात, एकाच जागेवर दोनदा, आणि हिला चीर जात नाही."

"मलाही साधारण वीस फुटांवरूनच टाकलं होतं," ब्रॉक म्हणाला. "माझा दर्जा कितवा?"

बाबांनी, म्हणजे डेलमर ड्रायलिंगांनी, खोकल्यासारखं केलं. ते धान्याच्या कोठारावर काम करायचे आणि दिवसाला जेमतेम वीसेक वाक्यं बोलायचे. त्यातली निम्मी ट्रकशी.

"आणि हा पोलादी पत्रा," विक्रेता घाईघाईने म्हणाला. "पन्नास वर्षं बघायला नको."

"पत्रा नको," टेसा ठामपणे म्हणाली. "गारांनी फुटणार नाही, पण पोचे पडतात. आणि खाली झोपणाऱ्याला ढोलात झोपल्यासारखं होतं."

"या कोण?"

"या आमच्या गारांच्या महाराणी," ब्रॉक म्हणाला. "त्यांच्या शब्दाबाहेर इथे पानही हलत नाही. माझ्यासारखंच."

टेसाने रबरवाली शिंगल उचलली आणि त्याच्या गालावर हलकेच घासली. त्याला जाणवायचं ते गाल, ओठ, हनुवटी एवढंच. त्याने डोळे मिटले, वास घेतला.

"बाबांच्या रविवारच्या दाढीसारखी आहे," तो म्हणाला. "चालेल. आवडली मला."

तर शिंगल ठरली. पुढचा प्रश्न विक्रेत्यानेच काढला. घर जुनं, वरच्या शिंगलखाली पणजोबांच्या वेळची लाकडी कौलं असणार, त्यांच्याखाली फटी ठेवून ठोकलेल्या फळ्या. ते सगळं उतरवून, फळ्यांवर नवीन प्लायवुड ठोकून मग वर शिंगल.

"उतरवायचं म्हणजे..." आई म्हणाली.

"खरवडायचं, ताई. दोन थर म्हणजे चार-पाच दिवस धरा."

ब्रॉक छताकडे बघत होता. त्याच्या पांघरुणाखाली एक पाय टाचेपासून थडथडायला लागला होता. आईने बघितलं, बाबांनी बघितलं, आणि विक्रेत्यानेही बघितलं. माणसांचे चेहरे वाचण्यावरच त्याचं पोट होतं.

"किंवा जुन्यावरच ठोका," तो हळूच म्हणाला. "थरावर थर. पुष्कळ जण करतात. खालून बघणाऱ्याला काही कळत नाही."

"खरवडायला नको?" आईने विचारलं.

"अजिबात नको."

"मग मीच ठोकेन," बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी भांडी पुसताना टेसाने आईपाशी हळूच विषय काढला. खरवडायचं असेल तर पाच दिवस ब्रॉकला शहरातल्या शुश्रूषागृहात...

"नाही," आई म्हणाली. एवढंच. पण ताटली इतक्या जोरात ठेवली, की कळायचं ते कळलं. इस्पितळातून सुटल्यावर ब्रॉक त्या शुश्रूषागृहात काही महिने होता. एकदा त्याला कुशीवर वळवून कुणीतरी गेलं, तोंडाने दाबायची घंटी लांब राहिली, आणि रात्रभर तो भिंतीकडे तोंड करून हाका मारत होता. सकाळी आई पोचली तेव्हा त्याचा आवाज गेला होता. तिने त्याला तिथेच वचन दिलं होतं, की पुन्हा एक दिवसही नाही.

नवीन शिंगलचे गठ्ठे येऊन गॅरेजमध्ये पडले. टेसाला काय, उत्सवच! तिने प्लायवुडवर एक ठोकली आणि तोफ लावली. गोल्फच्या चेंडूएवढा गोळा: काही नाही. अंड्याएवढा: काही नाही. शेवटी त्या झेंडूतल्या गारेच्या साच्यातला बेसबॉलएवढा. धाड! थोडी खडी उडाली. शिंगल गुडघ्यावर वाकवून मागची बाजू बघितली, कारण खरी परीक्षा तिथेच असते, पुढून सगळ्याच शहाण्यासारख्या दिसतात. मागेही चीर नाही. ती नाचत पुढच्या खोलीत आली.

"झाली पास! तुझ्या डोक्यावर आता रणगाडा आहे, रणगाडा!"

"कशावर ठोकली होतीस?"

"प्लायवुडवर."

"आपल्या छपराखाली प्लायवुड आहे?"

टेसाने वर छताकडे बघितलं.

"महाराणी," ब्रॉक म्हणाला, "आपल्या घरासारखं करून बघ. खाली फटीवाल्या फळ्या, त्यावर लाकडी कौलं, त्यावर जुन्या शिंगल. मागच्या शेडमध्ये सगळं पडलंय. मग ये नाचत."

तिने तसं केलं. दुपारभर खपून घराच्या छपराचा एक छोटा तुकडाच बांधला म्हणा ना. खाली सगळं कुजकट आणि मऊ, गादीसारखं. वर नवीन शिंगल ठोकली, तोफ लावली. आवाज वेगळाच आला. धाड नाही, धप्प. पुढून शिंगल जशीच्या तशी, खडीसुद्धा फारशी उडाली नव्हती. टेसाने खुशीत ती उचकटली आणि गुडघ्यावर वाकवली.

मागे मधोमध चीर गेली होती. तिला सगळीकडे फाटे फुटले होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे. दुसरी ठोकली. तिलाही चीर. तिसरी. चौथ्या खेपेला टेसाने गोळा अंड्याएवढाच घेतला आणि मनात देवाचं नावसुद्धा घेतलं. चीर.

ती शिंगल घेऊन तिने ब्रॉकच्या खाटेशी खिडकीसमोर धरली. चिरेतून ऊन आलं आणि त्याच्या उशीवर एक बारीक, वाकडी रेघ पडली.

ब्रॉकने डोळे फिरवून ती रेघ बघितली.

"खालचं मऊ आहे ना," तो म्हणाला. "टेकायला काही नाही तिला."

"बाबांना दाखवते."

"थांब."

"थांब काय? तू तळघरात उतरू शकत नाहीस! वादळाचा भोंगा झाला की आम्ही सगळे खाली आणि तू इथे. तुला एवढं छप्परच आहे, ब्रॉक."

"मला माहीत आहे माझ्यावर काय आहे ते. मी दिवसभर तेच बघतो." त्याच्या तोंडावर नेहमीचं हसू नव्हतं. "टेस, ऐक. गारा येतील किंवा येणार नाहीत. फावडी मात्र नक्की येतील. इथे, बरोबर माझ्या वर, पाच दिवस. कान झाकायलाही हात नाहीत मला."

"मग पाच दिवस शुश्रूषा..."

"तिथे पाठवलंत तर मी खायचं बंद करेन. तेवढं मला अजून जमतं."

बाहेर कुठल्यातरी घरावर कुणी खिळा ठोकत होतं. टेसाच्या हातात ती शिंगल होती, आणि तिला एकदम वाटलं की आपण सोळा वर्षांच्या नाही, सहाच्या आहोत.

"नको सांगूस," ब्रॉक म्हणाला. हळू, अगदी लहान मुलासारखं. "टेस. नको ना."

तिने नाही सांगितलं. तिने मनाशी हिशेब मांडला. लागोपाठ दोन वर्षं तसल्या गारा एकाच गावावर येतात कुठे? आणि चीर म्हणजे काही भोक नव्हे. चर्चच्या पायऱ्यांवर अख्ख्या गावाला उत्तरं देणारी मुलगी, तिला स्वतःला पटेल असं एक उत्तर सापडायला कितीसा वेळ लागणार! शिंगल तिने गॅरेजमध्ये फ्रीझर आणि भिंत यांच्या फटीत सरकवून दिली. फेकवेना, आणि समोर ठेववेना.

सप्टेंबरमध्ये बाबांनी छप्पर ठोकलं. खिळ्यांच्या बंदुकीचा आवाज ब्रॉकला चालायचा. "सुतारपक्षी आलाय," तो म्हणायचा. "पण फार शिस्तीचा आहे, जर्मन असणार." संध्याकाळी बाबांनी पिकअपमध्ये आरसा उभा करून, खिडकीतून, त्याला छप्पर दाखवलं. काळंभोर, नवंकोरं, ओळी अशा सरळ की दोरी धरून आखल्यासारख्या. आईने कोबी आणि मांस भरलेले पाव, बीरॉक, भाजले होते. ब्रॉकने टेसाच्या हातून दोन खाल्ले आणि तिसरा मागितला. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे उभी राहून रडली, आनंदाने. टेसाने ते बघितलं. आपला बीरॉक तिने अर्धाच ताटलीत ठेवला.

नाताळाच्या आदल्या दिवशी बाबा सॉसेज आणायला गॅरेजमध्ये गेले ते लवकर आलेच नाहीत. आले तेव्हा सॉसेजच्या पिशवीला धूळ लागलेली. "गारठा फार आहे," एवढंच म्हणाले आणि ब्रॉकचं पांघरूण नीट केलं, जे नीटच होतं.

मे महिन्यात, शाळा सुटायच्या आठवड्यात, दुपार कलल्यावर आभाळ हिरवं झालं. जुन्या तांब्याच्या भांड्यासारखं. भोंगा झाला आणि गावातल्या सगळ्या पुरुषांनी नेहमी करायचं तेच केलं: तळघरात जायच्या आधी ओसरीवर येऊन, हाताची घडी घालून आभाळ बघत उभे राहिले. बायकांनी गोधड्या बाहेर काढून पिकअपच्या काचांवर टाकल्या. मग एक गार रस्त्यावर पडली, एकच, आणि कमरेएवढी उसळली. ओसऱ्या रिकाम्या झाल्या.

"कोलीन, टेसा, तळघरात!" बाबा ओरडले.

"तुम्ही जा," आई म्हणाली आणि ब्रॉकच्या उशाशी बसली. रोजच्यासारखी.

टेसा हललीच नाही. बाबा क्षणभर दोघींकडे बघत राहिले, मग स्वयंपाकघरात गेले. मोडायचा आवाज आला. ते जेवणाच्या टेबलाचे पाय उपटून काढत होते. "धर," ते टेसाला म्हणाले, आणि दोघांनी ती जाड फळी आणून खाटेच्या कठड्यांवर आडवी टाकली. ब्रॉक तिच्याखाली, खणात ठेवल्यासारखा.

"मी जेवण आहे की जेवणारा?" आतून आवाज आला.

आणि मग बोलायला जागाच उरली नाही. जूनमधल्या गारा म्हणजे पोरखेळ होता. हे वरून कुणीतरी दगडांचे ट्रक ओतत होतं. खिडक्या गेल्या. टेसा फळीवर पालथी पडली होती, आई एका बाजूने, बाबा दुसऱ्या बाजूने. माळ्यावर काहीतरी फुटत होतं आणि टेसाला प्रत्येक आवाज ओळखू येत होता. धाड नाही. धप्प. धप्प. धप्प.

थांबलं तेव्हा कानात नुसती शिट्टी वाजत होती. छत शाबूत होतं. फळीवर चुन्याची धूळ, बाकी काही नाही.

"संपलं?" ब्रॉकने विचारलं.

"संपलं," बाबा म्हणाले. आई हसायला लागली. टेसाही हसली, रडत रडत. तिने फळीवर थाप मारली आणि ओरडली, "जिंकलो! जिंकलो आपण!"

मग पाऊस आला.

गारांनी केलेल्या प्रत्येक भोकातून, प्रत्येक चिरेतून पाणी माळ्यावर उतरत गेलं. आधी छताला एक डाग आला. मग तो डाग फुगला, पोटासारखा. बाबांनी खाट ढकलायला घेतली, पण तिची चाकं फुटलेल्या काचांत अडकली, आणि तेवढ्यात छत आलं. ओला चुना, लाकडी कौलांचा कुजका भुगा, शंभर वर्षांची धूळ, आणि त्यामागून काळं पाणी. टेबलाच्या फळीने मार वाचवला. पाणी कसं वाचवणार? वीज गेली होती. ब्रॉकच्या खाटेवरची हवेची गादी पंप बंद पडून चपटी झाली. रुग्णवाहिकेला फोन केला तर तिच्याच काचा गेलेल्या, रस्त्यावर झाडं आडवी. घरात कोरडा असा एक कोपरा राहिला नव्हता. त्यांनी ब्रॉकला दाराच्या फळीवर घालून, गोधड्यांत गुंडाळून चर्चमध्ये नेलं. तोवर अंधार पडला होता आणि त्याचे ओठ निळे झाले होते. त्याला थंडी जाणवत नव्हती, हेच वाईट. अंग थरथरायचंसुद्धा विसरलं होतं.

"चर्चचं छप्पर कसलं आहे, महाराणी?" त्याने विचारलं.

"स्लेट दगडाचं."

"बघ. देवाने आधीच चांगलं निवडलं."

छातीत पाणी भरायला फार दिवस लागले नाहीत. ज्याला खोकता येत नाही त्याचा न्यूमोनिया कसा असतो, ते इथे लिहायला नको. शहरातल्या इस्पितळात त्याच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. एकदा आई चहा आणायला गेली असताना त्याने डोळ्यांनीच टेसाला जवळ बोलावलं. तिने मुखवटा जरासा उचलला.

"आईला नको सांगूस," तो म्हणाला.

पहाटे आईचं डोकं त्याच्या गादीच्या कडेवर टेकलेलं होतं, डोळा लागला होता तिचा. तेव्हाच कधीतरी तो गेला.

जून उजाडला. गाव पुन्हा खरवडत होतं. घराच्या खिडक्यांना नवीन काचा बसल्या होत्या. अंगणात नवीन शिंगलचे गठ्ठे आले. तीच रबरवाली, चौथ्या दर्जाची. बाबांनी कुणालाच विचारलं नव्हतं. प्लायवुडही आलं होतं, या वेळी. चर्चच्या पायऱ्यांवर टेसाला कुणी काही विचारत नव्हतं.

बाबा दातेरी फावडी काढत होते तेव्हा ती गॅरेजमध्ये गेली. फ्रीझरमागच्या फटीत हात घातला आणि ती शिंगल काढून बाबांसमोर धरली.

"बाबा, ही मी गेल्या ऑगस्टमध्ये... आपल्यासारख्या छपरावर ठोकून बघितली होती. मला माहीत होतं. मी..."

बाबांनी शिंगल घेतली नाही. वाकवून बघितलीही नाही.

"नाताळात सॉसेजची पिशवी मागे पडली होती," ते म्हणाले. "काढायला गेलो तर हाताला लागली." फावड्याच्या दांड्यावरची माती ते अंगठ्याने खरवडत राहिले. "वाकवून बघितली. परत ठेवली होती तिथेच."

टेसाने शिंगल खाली केली.

"तो हसायला लागला होता गं," बाबा म्हणाले. "त्या हिवाळ्यात."

दोघं शिडीने वर गेले. फाटक्या छपरातून पुढच्या खोलीची जमीन दिसत होती. खाट परत गेली होती, चार चाकांचे चार ठसे तेवढे फरशीवर राहिले होते. बाबांनी एक फावडं तिच्या हातात दिलं. स्वतःचं शिंगलखाली घातलं आणि जोर लावला.

खर्रर.

खाली धावत्या पावलांचा आवाज आला. धाड, एक खिडकी लागली. धाड, दुसरी. मग टीव्ही सुरू झाला, इतका मोठा, की हवामान सांगणाऱ्या माणसाचा शब्द न् शब्द वर ऐकू येत होता: आज आभाळ निरभ्र, वारा दक्षिणेकडून.

बाबांनी फावडं तसंच धरून ठेवलं. टेसाही हलली नाही. दोघांपैकी कुणी आईला हाक मारली नाही.

हवामान संपलं. गव्हाचे भाव सुरू झाले. मग मध्येच, वाक्य तोडून, टीव्ही बंद झाला. बराच वेळ खाली काहीच झालं नाही. नंतर एक खिडकी उघडली, हळूच. मग दुसरी.

"हं," बाबा म्हणाले.

टेसाने फावडं शिंगलखाली घातलं.